महाडची छावणी आणि केराचा प्रश्न

महाडच्या मुक्तिसंग्रामाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. चवदार तळ्याचे पाणी आणि मनुस्मृतीचा अग्नी ही दोन दृश्ये आपल्या पिढ्यांच्या मनावर कोरली गेली आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु या दोन दृश्यांच्या मध्ये एक तिसरे दृश्य होते, त्याकडे आमच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते दृश्य म्हणजे छावणीचे. हजारो माणसे गावोगावहून पायी, बोटीने येतात, वैरभावाने पाहणाऱ्या एका गावाच्या कडेला राहतात, स्वयंपाक करतात, झोपतात, शौचास जातात आणि निघून जातात. अशा छावणीत पाणी कोठून आले, केर कोणी काढला, उष्टे कोणी उचलले, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. आमच्या मते ते क्षुल्लक नाहीत. ज्या समाजाच्या माथी हजारो वर्षे गावाची घाण मारली गेली त्या समाजाच्या इतिहासात तर हा प्रश्न मध्यवर्ती मानला पाहिजे.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरली. (कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामकरण पुढे १९८१ साली झाले.) त्या आधी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात राहिला, तळे होते तसेच राहिले. परिषदेसाठी जमलेल्या लोकांना प्यायला पाणी हवे होते; ते स्पृश्यांकडून चाळीस रुपयांस विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये ही १९२७ सालची रक्कम आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. नगरपालिकेने कागदावर खुले केलेले पाणी ज्यांचे होते त्यांनाच ते पदरचे पैसे मोजून घ्यावे लागले.

२० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवण्यात आली आणि सवर्णांच्या जमावाने परिषदेच्या मांडवावर हल्ला केला. मांडवात काही लोक जेवत होते, काही गावी परतण्याची तयारी करीत होते. भांडी उलथवली गेली, अन्न मातीत मिसळले गेले, माणसे रक्तबंबाळ झाली. नंतर महाडच्या सनातन्यांनी शुद्धीकरण केले. तळ्यातून मातीच्या एकशे आठ घागरी भरून पाणी काढले, त्यात दही, दूध, शेण व गोमूत्र मिसळले, मंत्र म्हणत त्या घागरी पुन्हा तळ्यात रिकाम्या केल्या आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले.

येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. जे पाणी माणसांनी केवळ ओंजळीने प्याले होते त्यात शेण कालवून ते स्वच्छ करण्यात आले. ज्या मांडवात अन्नाची नासाडी होऊन ते पायदळी तुडवले गेले होते तो मांडव कोणी झाडला याची नोंद करण्याची गरज त्या शुद्धिकर्त्यांना भासली नाही. घाण आणि विटाळ हे दोन शब्द आपल्या समाजात एकच समजले जातात. ते एक नाहीत हे सिद्ध करण्यास महाडच्या या दोन जागा, तळे आणि मांडव, पुरेशा आहेत. घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते, झाडूने जाते. विटाळ पोथीत असतो आणि तो झाडूने जात नाही.

मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना जे सांगितले त्याचा रोखही याच भेदाकडे होता. आपली राहणी सुधारा, बोलणे सुधारा, विचार तेजस्वी करा, आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असा तो उपदेश होता. हा उपदेश निव्वळ आरोग्याचा नव्हता. महार वतनात गावकीची जी कामे मोडत त्यांत चावडी झाडणे आणि मेलेली ढोरे ओढून नेणे ही कामे असत. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या दास्याला सरकारी शिक्का मिळाला होता. थोड्याशा जमिनीच्या व बलुत्याच्या बदल्यात दिवसाचे चोवीस तास सरकार आणि गाव या दोघांची चाकरी, असा तो व्यवहार होता. ढोर ओढणे सोडणे याचा अर्थ गावाचा कचरा उचलण्यास नकार देणे असा होता आणि गावाने तो अर्थ अचूक ओळखला. त्यानंतर कोकणात व देशावर आपल्या लोकांवर जे बहिष्कार पडले त्यांच्या मुळाशी हा नकार होता. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात वतनाचे बिल मांडले. प्रत्यक्षात ती वतने नाहीशी होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे मुक्तीच्या इतिहासातील पहिली कृती साफसफाईची नव्हती. ती साफसफाईला दिलेल्या नकाराची होती. हे विसरून स्वच्छतेविषयी बोलू लागले की आपण दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पोहोचतो.

डिसेंबरची छावणी याहून वेगळी होती. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला आणि सत्याग्रह अटळ झाला. अनंतराव चित्रे यांच्याकडे महाडातील व्यवस्था सोपवण्यात आली होती. नगराध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हेही चळवळीच्या बाजूने उभे होते. परंतु छावणीसाठी जागा देण्यास हिंदू जमीनमालक तयार नव्हते. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी माल विकणार नाही असे ठरवल्यामुळे धान्यधुन्याची बेगमी बाहेरून करावी लागली. धरमतर मार्गे मोटारीने जावे तर वाटेत मोटारवाले दगा देतील, म्हणून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह २४ डिसेंबरला पद्मावती बोटीने मुंबईहून निघाले आणि २५ तारखेस दुपारी दासगाव बंदरास उतरले. तेथून सुमारे पाच मैल पायी मिरवणूक महाडात आली.

ज्यांना गावात मीठमिरची मिळत नव्हती त्यांना सफाईसाठी गावातून माणूस मिळणार नव्हता हे उघड आहे. आणि तो का मिळावा? गावची सफाई करणारी माणसे तर छावणीतच बसली होती! स्वयंपाक, पाणी, पहारा, आजाऱ्यांची शुश्रूषा ही सारी व्यवस्था चळवळीच्या माणसांनीच सांभाळली. लष्करातून निवृत्त झालेले अनेक महार शिपाई व सुभेदार त्यांत होते. पलटणीत तळ कसा मारावा, रांग कशी लावावी हे ते शिकून आले होते. १८९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तरी पेन्शनरांच्या घराघरांतून ती शिस्त टिकून होती. कोकणातील दापोली हे अशा पेन्शनरांचे ठाणेच होते, आणि बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही काही काळ तेथे राहिले होते. मनुस्मृतीच्या दहनासाठी जो खड्डा खणण्यात आला तो नीट मापाचा, चौकोनी होता, चंदनाच्या तुकड्यांनी भरलेला होता आणि त्याच्या खोदाईस सहा माणसे दोन दिवस राबत होती, असा वृत्तान्त मिळतो. ज्या छावणीत दहनाचा खड्डा इतक्या काळजीने खणला गेला त्या छावणीची एकूण शिस्त काय असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

परिषद संपल्यावर बाबासाहेब महाडच्या चर्मकारवाड्यात गेले व जमलेल्या स्त्रियांपुढे बोलले. अंगावरचे वस्त्र फाटके असले तरी ते स्वच्छ असावे, जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यावेत, मुलांमुलींना शाळेत घालावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आमच्या काही टीकाकार मित्रांनी या भाषणात सवर्णांच्या राहणीचे अनुकरण पाहिले आहे. आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्याची घाण उचलण्याची सक्ती नाकारणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराची स्वच्छता हे स्वातंत्र्याचे पहिले चिन्ह वाटते. पहिले काम दुसऱ्याचा हुकूम म्हणून होत असते, दुसरे आपली इच्छा म्हणून होते. काम तेच, खराटा तोच. माणूस मात्र वेगळा.

या ठिकाणी धम्माची साक्ष काढणे उचित होईल. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शौचकूपासंबंधी नियम आहेत. ते वाचताना पुष्कळांना हसू येते. इतक्या थोर शास्त्याने इतक्या बारीक गोष्टी का सांगाव्यात? पण त्या नियमांमागील कथा पाहाव्यात. ब्राह्मण कुळातून आलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेण्यास तयार नसतो. असल्या नीच, दुर्गंधी वस्तूला कोण हात लावणार, असा त्याचा प्रश्न असतो. म्हणजे स्वतःची घाणही त्याला परकी वाटते! दुसऱ्या कथेत भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचास जात असल्यामुळे आधी आलेल्या कनिष्ठांना ताटकळत राहावे लागते आणि त्यांना भोवळ येते. तथागतांनी तो क्रम मोडला आणि जो आधी येईल तो आधी जाईल असा नियम केला. जागा घाण दिसली तर जो ती पाहील त्याने झाडावी, पाण्याचे भांडे रिकामे असेल तर ज्याला ते दिसले त्याने भरावे. कोणत्या कुळातल्या भिक्खूने झाडावे हे त्या नियमात नाही. महावग्गात तर याहून पुढची कथा आहे. अतिसाराने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडून राहिलेला एक भिक्खू तथागतांना आढळतो. आनंदाकडून पाणी आणवून तथागत स्वतः ते त्याच्यावर ओततात, आनंद त्याला धुतो व दोघे मिळून त्याला उचलून मंचावर ठेवतात. राजगृहाचा सुनीत हा झाडूवाला संघात आला तेव्हा तो भिक्खू सुनीत झाला. संघाचा झाडूवाला झाला नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुनीताची कथा आवर्जून घेतली आहे.

महाडच्या उत्तरेस गांधारपाले येथे लेणी आहेत. सावित्री आणि गांधारी यांच्या खोऱ्याकडे तोंड करून बसलेल्या त्या विहारांतून पाण्याची टाकी खोदलेली आहेत. वर्षावासात येथे राहणाऱ्या भिक्खूंना पाण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. त्याच डोंगराच्या पायथ्याच्या गावात दीड-पावणेदोन हजार वर्षांनी पाणी चाळीस रुपयांस विकले गेले, हा प्रवास इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

सार्वजनिक जीवनात सवर्णांनी हाती झाडू घेण्याचा इतिहासही आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसच्या तळावर संडासांची दुर्दशा पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांना विचारले. हे भंग्याचे काम, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी स्वतः झाडू मागून एक संडास साफ केला. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. आमच्या कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांनी तर १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपणास मिळावे म्हणून अन्नत्याग केला. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, अशी तुरुंगाची भूमिका होती. गांधीजींनीही येरवड्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला. अप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. ज्या तुरुंगात एका ब्राह्मणाला मैला उचलण्याचा हक्क मिळवण्यासाठी उपाशी राहावे लागले त्याच तुरुंगात दुसऱ्या कैद्यावर तेच काम जन्माच्या दाखल्यावर लादले जात होते. तो नाही म्हणाला असता तर त्याच्यासाठी कोणी उपवास केला असता काय? बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस व गांधीजींवरील ग्रंथात नेमके येथेच बोट ठेवले. भंगीकामाला श्रेष्ठ सेवा म्हणून गौरवणे म्हणजे ते करणाऱ्याला त्यातच बांधून ठेवणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. गाडगेबाबांविषयी मात्र बाबासाहेबांना आदर होता. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत, संध्याकाळी कीर्तनात देवभोळेपणावर कोरडे ओढीत आणि मुलांना शाळेत घाला म्हणून सांगत. त्यांनी झाडूची पूजा सांगितली नाही, झाडू हाती देऊन माणसाला जागा दाखवली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले.

छावणी आणि केर यांचा सर्वांत कठोर हिशेब १९४७ साली झाला. फाळणीनंतर पाकिस्तानातून हिंदू व शीख निघाले. परंतु सफाईचे काम करणाऱ्या अस्पृश्यांना जाऊ देण्यास तेथील सत्ताधारी राजी नव्हते. त्यांची सेवा अत्यावश्यक ठरवण्यात आली. भारताचे पाकिस्तानातील पहिले हायकमिशनर श्रीप्रकाश यांनी लिहून ठेवले आहे की, या लोकांच्या सुटकेचा विषय काढला असता लियाकत अली खान यांनी, मग कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, असा उलट प्रश्न केला. देश फुटला, धर्मांची वाटणी झाली, पण झाडूच्या वाटणीबद्दल दोन्हीकडे एकमत होते. १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. त्या पत्राचा एक भाग पाकिस्तानात अडकवून ठेवलेल्यांविषयी आहे, तो अनेकांनी उद्धृत केला आहे. दुसरा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पूर्व पंजाबात आलेले अस्पृश्य निर्वासित सरकारी छावण्यांत राहत नाहीत, कारण छावण्यांचे अधिकारी सवर्ण निर्वासित आणि अस्पृश्य निर्वासित असा भेद करतात; आणि शिधा, कपडे वगैरे मदत मात्र छावणीत राहणाऱ्यांनाच मिळेल असा नियम आहे; म्हणून यांना काहीच मिळत नाही, असे बाबासाहेबांनी त्यात दाखवून दिले. आज जगात ज्यांना अनधिकृत छावण्या म्हणतात त्या स्वतंत्र भारतात अशा रीतीने पहिल्याच वर्षी निर्माण झाल्या. सरकारी छावणीच्या कुंपणाबाहेर निर्वासितांतलेही निर्वासित बसले होते. त्यांना बाहेर काढण्याच्या कामी महार पलटणीचा उपयोग करावा, अशीही मागणी बाबासाहेबांनी केली होती. मुंबई इलाख्यात कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित उतरले, त्या तळाचेच पुढे उल्हासनगर झाले.

परदेशांतील अनुभव याहून फार भिन्न नाही. फ्रान्सच्या कॅले बंदराजवळ निर्वासितांनी उभारलेली वस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये मोडून काढण्यात आली. ती उभी होती तोपर्यंत नगरपालिकेची नियमित सफाई तिला पुरेशी मिळाली नव्हती. स्वयंसेवक आणि तेथील रहिवासी यांनी मिळून कचरा उचलला. बांगलादेशात कॉक्स बाजारजवळच्या कुतुपालाँग व इतर छावण्यांत २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले. पावसाळ्यात नाले तुंबू नयेत म्हणून त्यांच्यातलेच स्वयंसेवक ते उपसतात. ही माणसे ज्या देशातून हाकलली गेली तेथील बहुसंख्य लोक बौद्ध म्हणवतात. बौद्ध नियतकालिकाने हे वाक्य टाळू नये, म्हणून ते येथे लिहिले आहे.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे वळू. ज्या दासगावला बाबासाहेब उतरले त्या दासगावावर २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दरड कोसळली. जुई, रोहन आणि कोंडिवते ही महाड तालुक्यातील गावेही त्याच वेळी गाडली गेली; चारही गावांत मिळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना पुढे वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहावे लागले. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत सावित्री व गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले. पाणी ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर गाळ, कुजलेले धान्य, मेलेली जनावरे असा राडा उरला. राज्यभरातून स्वयंसेवक आले. त्यांत तरुण होते, विद्यार्थी होते, निरनिराळ्या पंथांचे साधक होते आणि आपल्या वस्त्यांतील मुलेही होती. त्यांनी फावडी व घमेली घेऊन दिवसचे दिवस गाळ उपसला. त्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रांत आले, सत्कार झाले; ते योग्यच झाले. त्याच वेळी ठाणे व नवी मुंबई महापालिकांची सफाई पथकेही महाडात राबत होती. गटारांत उतरणारी, मेलेली ढोरे उचलणारी माणसे बहुतेक करून या पथकांतली होती. ती कोणत्या वस्त्यांतून येतात हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. १९२७ साली ज्यांच्या आजोबांनी ढोर ओढणार नाही अशी शपथ वाहिली, त्यांच्यापैकी काहींची नातवंडे २०२१ साली त्याच महाडात ढोर ओढण्यास सरकारी गाडीतून आली असतील. त्यांना पगार होता, हातमोजे होते, आणि १९९३ व २०१३ चे मैलासफाईबंदीचे कायदे पाठीशी होते, हा फरक मोठा आहे. तथापि गटारात गुदमरून मेलेल्यांच्या वारसांना भरपाई देण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये आणि भरपाई तीस लाखांपर्यंत वाढवून २०२३ मध्ये पुन्हा द्यावे लागले, हेही तितकेच खरे.

स्वयंसेवक कोणाला म्हणावे हा प्रश्न येथे उभा राहतो. आमच्या मते, ज्याला नाही म्हणता येते तोच स्वयंसेवक. तळीयेचा गाळ उपसणारा महाविद्यालयीन तरुण चौथ्या दिवशी घरी जाऊ शकत होता. कंत्राटी सफाई कामगाराला ती मोकळीक नव्हती. दोघांच्या हातातील फावडे एकच होते म्हणून दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. आणि कामगाराला पगार मिळतो म्हणून त्याच्या श्रमाला सेवा न म्हणणे हाही अन्यायच.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १४ ऑक्टोबरच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, उघड्या मैदानावर राहतात, आणि दुसऱ्या दिवशी काहीजण मैदानावरील कागद व पत्रावळी मोजू लागतात. मुंबईत इतर उत्सवांनंतर चौपाटीवर काय उरते त्याची मोजणी इतक्या तत्परतेने होत नाही, हे आम्ही पूर्वीही म्हटले आहे. आपले अनेक तरुण कार्यकर्ते त्या दिवशी पोती घेऊन मैदान साफ करतात. समता सैनिक दलाची परंपरा त्यांच्या पाठीशी आहे. त्यांचे कौतुक करताना एक सावधगिरी आम्ही सुचवू इच्छितो. हे काम टीकाकारांच्या तोंडावर फेकण्यासाठी करू नये. विनयातील नियमाप्रमाणे, ज्याला केर दिसला त्याने काढावा, एवढेच त्याचे कारण असावे. आणि संध्याकाळी महानगरपालिकेची गाडी येईल तेव्हा तिच्यामागे चालणाऱ्या माणसाला आधी पाणी विचारावे.

मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी चवदार तळ्याचा दावा निकालात काढला, त्यालाही आता दीर्घ काळ लोटला. महाडच्या सत्याग्रहाची शंभर वर्षे २० मार्च २०२७ रोजी पूर्ण होतात. त्या निमित्ताने ग्रंथ निघतील, परिसंवाद होतील. आमची अभ्यासकांना विनंती आहे की, डिसेंबर १९२७ च्या छावणीतील कामांची माहिती त्यांनी कोकणातील जुन्या घरांतून गोळा करावी: पेन्शनर सुभेदारांच्या वह्या, गावकीतील हिशेबाचे कागद, आजीकडून नातीकडे आलेल्या आठवणी. पाण्याच्या कावडी कोणी वाहिल्या, चर कोणी खणले, २७ तारखेला लोक परतल्यावर फत्तेखानांच्या जागेवरील चुली विझवून, राख उचलून ती जमीन कोणी साफ करून दिली, ही नावे कोणत्या ना कोणत्या घरात अजून घेतली जात असतील.